संहितेविना तालीम : इम्प्रोव्ह गटाचा पहिला दिवस

इम्प्रोव्ह कॉमेडी या विनोदी नाट्यप्रकारात लिहिलेली संहिता नसते, पाठांतर नसते आणि दोन-चार खुर्च्या सोडल्या तर नेपथ्यही नसते. प्रेक्षकांतून कोणीतरी एखादा शब्द, एखादी जागा किंवा एखादे नाते सुचवतो आणि तेवढ्या धाग्यावर नट तिथल्या तिथे प्रवेश उभा करतात. तो प्रवेश जसा झाला तसा पुन्हा कधीच होत नाही. स्टँड-अप करणारा कलाकार एकटा असतो आणि आपले विनोद लिहून, अनेक प्रयोगांत घासूनपुसून आणतो. इम्प्रोव्ह मात्र गटाने करायचा खेळ आहे आणि त्यातला विनोद माणसामाणसांतल्या देवघेवीतून निघतो.

संवादच पाठ करायचे नाहीत तर तालीम कसली करायची, असा प्रश्न पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पडतोच. या तालमीत सवयी घडवल्या जातात. समोरच्याचे शेवटच्या शब्दापर्यंत ऐकणे, त्याने मांडलेले खरे मानून त्यात आपली भर घालणे, जोडीदार अडकला तर मदतीला जाणे आणि प्रवेश संपला की तो संपवणे, या गोष्टी प्रयोगात विचार करून करायला वेळच नसतो. त्या आधीच अंगवळणी पडलेल्या असाव्या लागतात. नवा गट जमतो तेव्हा त्यातला प्रत्येक जण आपापल्या सवयी घेऊन येतो. त्या सवयींचा मेळ घालायचे काम पहिल्या तालमीत सुरू होते.

खेळातून नाट्याकडे

आजच्या इम्प्रोव्हची मुळे शिकागो शहरात आहेत. व्हायोला स्पोलिन या नाट्यशिक्षिकेने तिथे नेव्हा बॉइड यांच्याकडे मुलांच्या खेळांचा आणि समूहकार्याचा अभ्यास केला. 1930च्या दशकाच्या अखेरीस मंदीच्या काळातल्या एका सरकारी योजनेत त्या मुलांची आणि स्थलांतरित वस्त्यांतल्या लोकांची नाटके बसवू लागल्या. अभिनयावर व्याख्यान देऊन ही मंडळी मोकळी होत नाहीत, पण खेळायला लावले की आपोआप एकाग्र होतात आणि लाजणे विसरतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी अभिनयाची एकेक अडचण घेऊन तिच्यासाठी एकेक खेळ तयार केला. हे खेळ 1963 साली पुस्तकरूपाने आले आणि आजही कोणत्याही इम्प्रोव्ह तालमीत त्यातले काही ना काही खेळले जातातच.

स्पोलिन यांचे पुत्र पॉल सिल्स यांनी डेव्हिड शेफर्ड यांच्याबरोबर 1955 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या परिसरात ‘कंपास प्लेयर्स’ हा गट काढला. माइक निकोल्स आणि एलेन मे ही पुढे नावारूपाला आलेली जोडी याच गटातली. डिसेंबर 1959 मध्ये सिल्स, बर्नी साहलिन्स आणि हॉवर्ड ऑल्क यांनी ‘सेकंड सिटी’ सुरू केले. तालमीत उत्स्फूर्तपणे सुचलेले प्रवेश पक्के करून प्रयोगात मांडण्याची रीत या संस्थेने रुजवली.

दुसरी परंपरा कीथ जॉन्स्टन यांची. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये काम करताना त्यांनी नटांना मोकळे करणारे व्यायाम रचले. ब्रिटनमध्ये 1968 पर्यंत प्रत्येक नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयाकडून आधी मंजूर करून घ्यावी लागे. ज्याला संहिताच नाही त्याला मंजुरी मिळणार कशी? म्हणून जॉन्स्टन यांनी आपले प्रयोग जाहीर वर्ग म्हणून सादर केले. पुढे ते कॅनडात गेले आणि 1977 साली कॅल्गरीत त्यांनी ‘थिएटरस्पोर्ट्स’ हा दोन संघांच्या सामन्याचा प्रकार सुरू केला. व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात प्रेक्षक ज्या जोशाने ओरडतात तो जोश नाट्यगृहात आणावा, ही त्यामागची कल्पना होती.

तिसरे नाव डेल क्लोज यांचे. 1967 साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘द कमिटी’ या गटात त्यांनी ‘हॅरॉल्ड’ नावाच्या दीर्घ प्रकाराची सुरुवात केली आणि 1980च्या दशकात शिकागोत चार्ना हालपर्न यांच्याबरोबर तो घडवला. हॅरॉल्डमध्ये एकाच शब्दावरून तीन वेगवेगळे प्रवेश निघतात, मधे सगळ्या गटाचा एक खेळ होतो, तेच प्रवेश पुढे सरकून परत येतात आणि शेवटी त्यांचे धागे एकमेकांत गुंततात. चार-पाच मिनिटांच्या खेळांचा लघुप्रकार आणि अर्ध्या तासाचा सलग दीर्घप्रकार, असे इम्प्रोव्हचे दोन ढोबळ भाग पडतात. नव्या गटाला पहिल्यांदा हेच ठरवावे लागते, कारण तालमीची आखणी त्यावर अवलंबून असते.

मराठी रंगभूमीवरची सख्खी उदाहरणे

संहितेविना नाट्य मराठी प्रेक्षकाला परके नाही. सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. प्रयोगाआधी आख्यान ठरते, कोण कोणते सोंग घेणार ते ठरते आणि मग नट रात्रभर स्वतःच्या शब्दांत कथा पुढे नेतात. तमाशातली बतावणीही अशीच बोलता बोलता रंगत जाते. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ला तर संहिता होती. तरीही दादा कोंडके ताज्या राजकारणावरच्या कोट्या प्रयोगातच घालत आणि त्यासाठी प्रेक्षक पुन्हा पुन्हा येत.

या लोककलांपेक्षा इम्प्रोव्ह एका बाबतीत निराळे आहे. दशावतारी नटाला कथा माहीत असते, सोंगाचा स्वभाव माहीत असतो आणि शेवट कुठे व्हायचा तेही माहीत असते. इम्प्रोव्हच्या नटाला यातले काहीच माहीत नसते. त्याच्या पायाखाली असतो तो फक्त गटाने आपसात केलेला करार. तालमीत हाच करार पक्का होत जातो.

गट कसा जमतो

बहुतेक गट एखाद्या कार्यशाळेतून किंवा वर्गातून निघतात. एकत्र शिकलेल्या मंडळींपैकी काही जण पुढेही खेळत राहायचे ठरवतात आणि रिकाम्या जागांसाठी ओळखीच्या लोकांना बोलावतात. काही गट रीतसर निवडचाचणी घेतात. या चाचणीत स्वगत म्हणायला सांगत नाहीत. आलेल्यांच्या जोड्या लावून प्रवेश करायला देतात. पाहणाऱ्यांचे लक्ष चाचणीतल्या सगळ्यात विनोदी माणसावर असते असे नाही. ज्याच्याबरोबर खेळताना बाकीचे चांगले दिसतात, अशा माणसाला ते शोधत असतात.

सहा ते आठ जणांचा गट सोयीचा ठरतो. चौघेच असले तर एखादा गैरहजर राहिला की खेळ लंगडा पडतो आणि दहा-बारा झाले तर प्रत्येकाच्या वाट्याला फार कमी खेळ येतो. गटाचा एक प्रशिक्षक असतो, ज्याला या जगात ‘कोच’ म्हणतात. तो गटाबाहेरचा असावा असा संकेत आहे. कोच स्वतः प्रवेशात उतरत नाही. बाहेर बसून पाहतो, मधेच एखादी सूचना देतो आणि शेवटी टिपणे सांगतो. सदस्यांनीच एकमेकांच्या चुका काढायच्या असे झाले की रुसवेफुगवे सुरू होतात आणि प्रवेशात एकमेकांकडे पाहायची नजर बदलते. खोलीचे भाडे आणि कोचचे मानधन सगळे मिळून भरतात. तालीम कोणत्या वारी, किती वाजता आणि किती तास, हे आधीच ठरवून पाळावे लागते, कारण नोकरी सांभाळून येणाऱ्यांच्या गटात अनियमितपणा हा फुटीचा पहिला धोका असतो.

वर्तुळ, नावे आणि मर्यादा

पहिली तालीम साधारण दोन ते तीन तासांची असते. खोली मोकळी असावी, जमीन स्वच्छ असावी आणि आवाज चढला तर शेजारच्यांची तक्रार येऊ नये, एवढे पुरे. सगळे वर्तुळात उभे राहतात. वर्तुळात पुढची-मागची रांग नसते आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. सुरुवात नावांच्या खेळाने होते. एक जण नाव सांगताना एखादी हालचाल करतो आणि बाकीचे सगळे नाव आणि हालचाल दोन्ही तशीच्या तशी करून दाखवतात. नावे पाठ होतातच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आपण केलेले वेडेवाकडे काहीही सगळ्यांनी मिळून उचलले, हा अनुभव पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येकाला येतो.

मग कोच मर्यादांबद्दल बोलतो. प्रवेशात शारीरिक स्पर्श कितपत चालेल, कोणाच्या गुडघ्याला किंवा पाठीला इजा आहे, कोणता विषय कोणाला नको आहे, हे उघडपणे विचारले जाते. उत्स्फूर्त प्रवेशात आधी सूचना देता येत नाही, म्हणून ही चौकट आखून घ्यावी लागते. आपल्याला कोणी दुखावणार नाही याची खात्री असलेला नट जास्त धाडसाने खेळतो.

अंग आणि कान मोकळे करणे

पुढची वीस-पंचवीस मिनिटे सरावखेळांची. ‘झिप, झॅप, झॉप’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. वर्तुळातला एक जण टाळी वाजवून दुसऱ्याकडे हात करतो आणि ‘झिप’ म्हणतो, तो तिसऱ्याकडे ‘झॅप’ पाठवतो, तिसरा चौथ्याकडे ‘झॉप’. वेग वाढत जातो. कोणी चुकले की सगळे हात वर करून आनंदाने ओरडतात आणि खेळ पुन्हा सुरू होतो. चुकणाऱ्याला बाद करत नाहीत. चूक झाली की शरीर आकसते, मान खाली जाते, ही शाळेपासून लागलेली सवय मोडायची असते. चुकीनंतरही ताठ उभा राहणारा नट प्रेक्षकांना आवडतो आणि त्याला पुढची गोष्ट सुचतेही लवकर.

आरशाचा व्यायाम स्पोलिन यांचा. दोघे समोरासमोर उभे राहतात, एक हळूहळू हालचाल करतो आणि दुसरा त्याचे प्रतिबिंब होतो. नंतर भूमिका बदलतात. शेवटी कोच सांगतो की आता कोणीच पुढाकार घ्यायचा नाही, दोघांनीही फक्त समोरच्याच्या मागून जायचे. आधी दोघेही थबकतात. मग एकाचा खांदा जराससा हलतो, दुसरा तो उचलतो, त्यातून हात वर येतो आणि बघता बघता हालचाल वाहू लागते. ती कोणी सुरू केली हे दोघांनाही सांगता येत नाही.

वीसपर्यंत मोजण्याचा खेळ दिसायला सगळ्यात सोपा आहे. सगळे डोळे मिटून उभे राहतात आणि गटाने मिळून एक ते वीस आकडे म्हणायचे असतात. एका वेळी एकानेच बोलायचे, क्रम ठरवायचा नाही, खुणा करायच्या नाहीत. दोघे एकदम बोलले की पुन्हा एकपासून. नवा गट पहिल्यांदा चार किंवा पाचवरच अडतो, कारण प्रत्येकाला घाई असते. दोनतीनदा फसल्यावर श्वास संथ होतात आणि आकड्यांमधल्या शांततेची भीती कमी होते. मग कोणीतरी ‘अकरा’ म्हणतो आणि पाठोपाठ ‘बारा’ येतो. वीसचा आकडा पार पडल्यावर होणारा जल्लोष हा बहुधा त्या गटाचा पहिला सामूहिक आनंद असतो. आपण बोलायचे की थांबायचे, हे स्वतःच्या उत्साहावरून न ठरवता गटाच्या लयीवरून ठरवायचे, हा धडा त्यातून मिळतो.

पहिले प्रवेश

यानंतर दोघादोघांचे छोटे प्रवेश सुरू होतात. इथे इम्प्रोव्हचा पायाभूत नियम येतो : जोडीदाराने जे मांडले ते ‘हो’ म्हणून स्वीकारायचे आणि ‘आणि’ म्हणून त्यात आपली भर घालायची. समजा, बाहेर बसलेल्यांनी ‘पिठाची गिरणी’ ही जागा सुचवली. एक नटी पुढे येते आणि म्हणते, “भाऊ, आमचा गव्हाचा डबा दळून झाला का?” जोडीदाराने “ही गिरणी नाही, विमानतळ आहे” असे म्हटले तर क्षणभर हशा येईल, पण नटीने उभारलेले सगळे कोसळेल आणि तिला पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागेल. त्याऐवजी तो म्हणतो, “वहिनी, तीन दिवस झाले. झाकण उघडायची हिंमत होत नाही माझी.” गिरणी कायम राहिली, डबा कायम राहिला आणि एक गूढ तयार झाले. आता ती म्हणते, “म्हणजे ह्यांनी त्यात काय लपवलंय ते तुम्हाला कळलं तर!” तीन वाक्यांत जागा, दोन माणसे, त्यांची ओळख आणि एक गुपित इतके सगळे उभे राहिले. यातले एकही वाक्य सुटे काढले तर विनोद म्हणून सांगण्यासारखे नाही. प्रेक्षक हसतात ते या दोघांच्या अडचणीला.

‘हो’ म्हणण्याचा अर्थ पात्राने प्रत्येक गोष्टीला मान डोलवायची असा नाही. गिरणीवाला वहिनींशी भांडू शकतो, डबा द्यायला नकारही देऊ शकतो. स्वीकारायचे असते ते त्या प्रवेशातले वास्तव. नवशिके या जागी हमखास गोंधळतात, म्हणून चांगला कोच पहिल्याच तालमीत हा फरक दाखवून देतो.

कोण, कुठे आणि काय करत आहेत, या तीन गोष्टी पहिल्या काही वाक्यांत स्पष्ट व्हाव्यात, हाही स्पोलिन यांच्याकडून आलेला दंडक आहे. ‘कुठे’ साकार होते ते नसलेल्या वस्तू हाताळण्यातून. गिरणीवाल्याने डावीकडे पट्ट्याचे चक्र दाखवले असेल तर दुसऱ्या नटाने त्यातून चालत जायचे नाही. डबा उचलताना हातांवर वजन दिसले पाहिजे आणि तो खाली ठेवल्याशिवाय हात मोकळे होता कामा नयेत. रिकाम्या रंगमंचावर प्रेक्षकांना गिरणी दिसायची असेल तर आधी ती नटांना दिसावी लागते.

जॉन्स्टन यांची मोठी देणगी म्हणजे ‘स्टेटस’, अर्थात दोन माणसांमधल्या वरचढपणाचा खेळ. डोके स्थिर ठेवून, नजर रोखून, सावकाश बोलणारा माणूस वरचढ वाटतो आणि वारंवार चेहऱ्याला हात लावणारा, अर्धवट वाक्ये बोलणारा पडते घेतोय असे वाटते. कोच एकाला वरचे आणि दुसऱ्याला खालचे स्थान देतो आणि प्रवेशाच्या ओघात ते उलटवायला सांगतो. साहेब आणि शिपायाच्या प्रवेशात हळूहळू साहेबच खुर्ची पुसू लागतो तेव्हा एकही कोटी न करता खोली हसते.

कडेला उभे असलेल्यांचे काम

प्रवेशात दोघेच असले तरी बाकीचे सुट्टीवर नसतात. ते मागे किंवा कडेला उभे राहून लक्ष ठेवतात. प्रवेश रंगात असतानाच तो तोडायचा असतो आणि ती जबाबदारी त्यांची. रंगमंचाच्या पुढच्या कडेने कोणी धावत गेले की प्रवेश संपला, अशी खूण ठरलेली असते. खेळणाऱ्या एखाद्याच्या खांद्यावर थाप मारून त्याची जागा घेणे आणि उरलेल्या पात्राला नव्या प्रसंगात नेणे, ही दुसरी रीत. नवख्या गटात लोक या धावण्याला बिचकतात, कारण दुसऱ्याचा प्रवेश कापणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. प्रत्यक्षात योग्य वेळी कापलेला प्रवेश ही सहकाऱ्यांवर केलेली मेहेरबानी असते. पहिल्या तालमीत म्हणून फक्त कापण्याचाच सराव देतात : प्रत्येक प्रवेश पहिला मोठा हशा येताच थांबवायचा.

हमखास होणाऱ्या चुका

पहिल्या तालमीतल्या चुका जगभर सारख्याच असतात. विनोद करायचाच, या हट्टाने नट समोरच्याचे ऐकत नाही. काही जण प्रवेशभर प्रश्नच विचारत राहतात आणि नवे काही मांडायचा भार जोडीदारावर टाकतात. काही जण मनात आधीच कथा रचून येतात आणि जोडीदाराला तिच्यात ओढत नेतात. काही जण इतके बोलतात की दुसऱ्याला जागाच उरत नाही, तर काही जण कडेला उभे राहून योग्य क्षणाची वाट पाहता पाहता तालीम संपवतात. यांवर कोचकडे साधे उपाय असतात. प्रश्नाचे विधान करायला लावायचे, बडबड्याला एका वाक्यात तीनच शब्द द्यायचे, गप्प राहणाऱ्याला प्रवेशाचे पहिले वाक्य द्यायचे आणि हट्टाने हसवणाऱ्याला आधीच्या वाक्यातला शेवटचा शब्द उचलून आपले वाक्य सुरू करायला सांगायचे.

टिपणे आणि पुढची वाट

तालमीच्या शेवटी सगळे खाली बसतात आणि कोच टिपणे सांगतो. टिपण माणसाबद्दल नसते, प्रवेशातल्या कृतीबद्दल असते. ‘तू विनोदी नाहीस’ हे टिपण नव्हे. ‘तिने डबा म्हटला तेव्हा तू तिच्याकडे पाहिले नाहीस’ हे टिपण, कारण त्यावर पुढच्या वेळी काही करता येते. ऐकणाऱ्याने त्यावर खुलासे द्यायचे नसतात. ते फक्त घ्यायचे असते. काय चुकले याबरोबर काय जमले हेही कोच नेमकेपणाने सांगतो, म्हणजे ते पुन्हा करता येते.

गटाचे नाव, पहिल्या प्रयोगाची तारीख, समाजमाध्यमांवरची जाहिरात यांचा उत्साह पहिल्याच दिवशी असतो. हे विषय तालमीनंतर, चहाच्या वेळी घ्यावेत आणि तालमीचा वेळ खेळण्यासाठीच राखावा. अनुभवी गट जाहीर प्रयोगाआधी बऱ्याच तालमी करतात आणि मग ओळखीच्या थोड्या प्रेक्षकांसमोर खेळून पाहतात, कारण अनोळखी हशाची चटक लागली की गट ऐकणे सोडून हशामागे धावू लागतो. प्रयोगाआधी विंगेत प्रत्येकाने प्रत्येकाच्या पाठीवर थाप देऊन ‘मी आहे तुझ्या पाठीशी’ असे सांगण्याची प्रथा इम्प्रोव्हच्या जगात सर्वत्र दिसते. ही थाप तालमीत कमावलेली असेल तरच तिला अर्थ राहतो.

पहिली तालीम चांगली झाली की नाही, हे किती हसू आले यावरून ठरत नाही. प्रत्येक सदस्य प्रत्येकाबरोबर एकदा तरी खेळला का, गप्प राहणाऱ्यांना जागा मिळाली का, चुकल्यावर कोणी आकसून बसले का, आणि सगळे पुढच्या तालमीला यायचे ठरवून निघाले का, हे प्रश्न कोच मनाशी तपासतो. त्यांची उत्तरे समाधानकारक असली तर दुसऱ्या तालमीत त्याच खेळांचा वेग वाढवता येतो आणि प्रवेश दोन मिनिटांवरून पाच मिनिटांवर नेता येतात.